बोट्स्वानाच्या निळ्या शर्टांबरोबर एक आठवडा

कॉव्हेंट्रीहून ब्रिस्टलला सकाळी गाडीने निघालं, तर दुपारच्या जेवणाआधी पोचता येतं. आम्ही मेडनहेडवरून वळसा घालून गेलो आणि आम्हाला आठवडा लागला. मिनीबस चालवायला शर्वरीताई, तिच्या शेजारी बर्फाची पेटी मांडीवर घेतलेली मी, आणि मागच्या सीटांवर बोट्स्वाना देशाचा राष्ट्रीय बॅडमिंटन संघ.

हे शेवटचे शब्द मी अजूनही जरा हळूच लिहिते. राष्ट्रीय संघ ही टीव्हीवर बघायची गोष्ट आहे, तिच्यासाठी बर्फ फोडायची नाही, असं मला कायम वाटत आलं होतं. मी इचलकरंजीची. वडील सूतगिरणीत फिटर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि शिष्यवृत्तीमुळे ती पायरी थेट कॉव्हेंट्रीत निघाली. इथे मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बॅडमिंटन मी लहानपणी नगरपालिकेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये शिकले. शटलला आम्ही फूल म्हणायचो, आणि ते बऱ्याचदा पत्र्याखालच्या अँगलमध्ये अडकून बसायचं.

निघायच्या आधी घरी फोन केला.

“बोट्स्वाना? ह्ये कुठं आलं?” अण्णांनी विचारलं.

“आफ्रिकेत. खालच्या अंगाला.”

“आनि त्ये तुला घिऊन चालल्यात?”

“नाही, मीच त्यांना घेऊन चालले.”

अण्णांनी आईला हाक मारून हे सांगितलं. मग म्हणाले, “मग नीट ने गं. लोकांची पोरं हाईत.”

कॉव्हेंट्री

लोकांची पोरं चार होती. लोराटो ही कप्तान, दवाखान्यात नर्स. नालेडी सगळ्यात लहान, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच कॉलेजात शिकणारी. थाबो इलेक्ट्रिशियन, इतका उंच की मिनीबसमध्ये शिरताना त्याला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागे. टुमेलो शाळेत गणित शिकवतो आणि बोलतोही मोजकंच. त्यांच्या प्रशिक्षक म्मा सेगो, पन्नाशीच्या, एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. ‘म्मा’ हे त्यांच्याकडे बाईमाणसाला मानाने म्हणायचं, जसं आपण शाळेत ‘बाई’ म्हणतो. पुरुषाला ‘र्रा’.

पुढे त्यांची आफ्रिकेतली मोठी स्पर्धा होती. त्याआधी सराव म्हणून इंग्लंडमधल्या तीन क्लबांशी तीन लढती ठरल्या होत्या: कॉव्हेंट्री, मेडनहेड आणि ब्रिस्टल. एका लढतीत पाच सामने असतात. पुरुषांचा एकेरी, बायकांचा एकेरी, पुरुषांचा दुहेरी, बायकांचा दुहेरी आणि शेवटी मिश्र. तीन जिंकले की लढत जिंकली.

कॉव्हेंट्रीच्या क्लबचं सगळं शर्वरीताई बघते. तिचे आजी-आजोबा पुण्याहून इथे आले, ती इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकवते. पहिल्या दिवशी मी तिला “तुम्ही बसा, मी बॅगा ठेवते” म्हणाले, तर ती एकदम थांबली.

“हे बघ, ताई ठेव, तुम्ही काढ. तुम्ही म्हटलं की मला एकदम ओल्ड वाटतो.”

तिच्या मराठीत लिंग आपल्या मर्जीने फिरतं. पण मोटरवेवर गाडी ती अशी चालवते की मागे बसलेल्याच्या हातातलं पाणी हलत नाही.

हॉलवर पोचलो आणि पहिला घोळ रिसेप्शनवर झाला. मी किल्ली मागायला पुढे झाले, तेवढ्यात थाबोने मला हाताने अडवलं. काउंटरवरच्या बाईंना तो म्हणाला, “गुड मॉर्निंग, म्मा. तुम्ही कशा आहात? रात्री झोप नीट लागली?” बाई आधी त्याच्याकडे, मग आपल्या मागे बघू लागल्या. त्यांना वाटलं, हा दुसऱ्या कोणाशी तरी बोलतोय. “लागली,” त्या शेवटी म्हणाल्या, “म्हणजे, तशी बरी.” मग थाबोच्या मागे उभ्या असलेल्या तिघांनीही पाळीपाळीने त्यांची विचारपूस केली आणि मग कुठे किल्लीचा विषय निघाला. त्यांच्याकडे माणसाला आधी विचारतात, काम नंतर सांगतात. मला ते फार ओळखीचं वाटलं. आमच्या गल्लीतही ‘जेवलीस का?’ विचारल्याशिवाय वाटीभर साखर कोणी मागत नाही. दोन वर्षांत मी हे विसरत चालले होते. इथल्या रांगेत उभं राहून मीही ‘हाय, किल्ली प्लीज’ म्हणायला शिकले होते.

बाहेर तेव्हा पाऊस होता. आपला नेहमीचा कॉव्हेंट्रीचा, धड पडत नाही आणि धड थांबत नाही, तसा. शर्वरीताई त्याला शिव्या घालत होती. थाबो मात्र मुद्दाम बाहेर जाऊन हात पसरून उभा राहिला. “पुला!” तो म्हणाला. त्यांच्या भाषेत पावसाला पुला म्हणतात. कोरडा देश, म्हणून आशीर्वाद देतानाही पुलाच म्हणतात आणि त्यांच्या चलनाचं नावही पुलाच आहे.

“असा आहे काय?” शर्वरीताई म्हणाली. “मग इंग्लंड एकदम रिच कंट्री झाला की!”

लढत मात्र वाईट गेली. पाचही सामने हरलो. मी ‘हरलो’ लिहिते आहे, पण त्या दिवशी माझा त्यात काही वाटा नव्हता. हरण्याचं कारण माझ्या लक्षात आलं ते बाकावर बसून. म्मा सेगोंना ते आधीपासूनच माहीत होतं. गाबोरोन हे त्यांचं राजधानीचं शहर उंचावर आहे, साधारण आपल्या पन्हाळ्याइतकं. तिथली हवा विरळ आणि उबदार, फूल लांब जातं. इथल्या खालच्या, थंड, जड हवेत तेच फूल तितक्याच जोरात मारलं की मध्येच दमून खाली येतं. मागच्या रेषेपर्यंत पोचवायचा फटका अर्ध्या कोर्टात पडायचा आणि समोरचा तो आरामात खाली आपटायचा. मनगटाला वर्षानुवर्षं लागलेली सवय एका दिवसात कशी सुटणार?

सामन्यांनंतर इथल्या रीतीप्रमाणे यजमान क्लबाने पाहुण्यांना चहा दिला. लांब टेबलावर काकडीचे सँडविच, अंड्याचे सँडविच, केक. ज्यांनी तासभर आपल्याला धुऊन काढलं, तेच आता हातात बशी घेऊन ‘अजून एक घ्या ना’ म्हणत होते. टुमेलोने सँडविच उघडून आत बघितलं.

“काकडीच आहे,” तो म्हणाला.

“काकडीच असते,” मी म्हणाले.

“फक्त काकडी?”

“फक्त काकडी.”

त्याने ते शिक्षकाच्या गांभीर्याने संपवलं.

म्मा सेगो माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्या चिडल्या नव्हत्या. “हरण्याचं मला काही नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “पण यांच्यातला प्रत्येक जण आज तिसऱ्या सामन्यापासूनच हरल्यासारखा चालत होता. हरायची सवय लागलेला संघ मी स्पर्धेला नेऊ शकत नाही. या दौऱ्यात मला एक लढत हवी. एक. ती कुठेही मिळो.”

त्यानंतर मीही तीच एक लढत शोधू लागले.

मेडनहेड

दोन दिवस सराव झाला. माझं काम होतं पलीकडून फुलं मारत राहायचं, म्हणून मी माझी रॅकेट बरोबर घेतली होती. लोराटो मागच्या रेषेवर उभी राहून एकच फटका पुन्हा पुन्हा मारायची. आधी फूल अर्ध्यावर यायचं, मग पाऊण, मग रेषेच्या आसपास. नालेडीला ते सगळ्यात लवकर जमलं. ती हसत हसत ओरडायची, “पोचलं का? पोस्टाने पाठवू का?” आमची चांगली गट्टी जमली होती. तिच्या घरातही कॉलेजात जाणारी ती पहिलीच. तिची आई तिला फोनवर रोज एकच प्रश्न विचारायची, “तिथे तुला कोणी काही म्हणत तर नाही ना?” माझी आईही हेच विचारते. आम्ही दोघीही ‘नाही’ म्हणतो.

मेडनहेडला थेम्सच्या काठाने शिरलो. नदी इतकी आवरलेली, काठावरचं गवत इतकं सारखं कापलेलं, की कोणीतरी पाहुणे यायचेत म्हणून सकाळीच झाडून घेतल्यासारखं वाटलं. इथे संध्याकाळी आमचं जेवण होतं पल्लवीवहिनी आणि नितीनदादांकडे. दोघं नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. दर रविवारी त्यांचा मराठी ग्रुप तिथल्या स्पोर्ट्स सेंटरच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतो. राष्ट्रीय संघ येणार म्हणून नितीनदादा दारातच नवी रॅकेट घेऊन उभे होते.

“अहो, आधी त्यांना आत तर येऊ द्या नं!” वहिनी आतून ओरडल्या. “सही काय दारातच घेता काय?”

वहिनींनी झुणका केला होता, वांग्याची भाजी केली होती आणि ज्वारीच्या भाकरी. पाहुण्यांना चालेल की नाही म्हणून बाजूला पास्ताही ठेवला होता. पास्त्याला कोणी हात लावला नाही. म्मा सेगोंनी भाकरीचा तुकडा मोडला, नाकाशी नेला आणि खायच्या थांबल्या.

“माबेले,” त्या म्हणाल्या. मग लोराटोकडे वळून पुन्हा, “माबेले!”

ज्वारी. त्यांच्याकडेही ज्वारीच पिकते, ज्वारीच खातात. वहिनी पिठाचा डबा घेऊन आल्या. म्मा सेगोंनी चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन चोळलं आणि मान डोलावली. या पिठाची ते पेज करतात, आणि रात्रभर आंबवलं तर आंबट पेज.

“आंबीलच की!” मी ओरडलेच.

“आणि चवळीचा पाला,” म्मा सेगो म्हणाल्या, “तो आम्ही शिजवतो, वाळवूनही ठेवतो.”

“आमच्याकडे पण करतात नं चवळीच्या पाल्याची भाजी!” वहिनी म्हणाल्या. “माझी आजी करायची. घ्या, अजून एक भाकर घ्या. काहीच खाल्लं नाही बाप्पा तुम्ही.”

हे शेवटचं त्या सरळ मराठीत म्हणाल्या. म्मा सेगोंनी सरळ ताट पुढे केलं. वहिनींनी भाकरी वाढली ती उजव्या हाताने, आणि म्मा सेगोंनी घेतलेलं ताटही उजव्या हातात, डावा हात उजव्या कोपराला टेकवलेला. त्यांच्याकडे मानाने काही द्यायचं-घ्यायचं असेल तर असा हात लावतात. मी ते आठवडाभर पाहत होते. कोर्टवर फूल समोरच्याला परत देतानाही ते चौघं असाच हात लावायचे.

दुसऱ्या दिवशीची लढत मी कधी विसरणार नाही. चार सामन्यांनंतर दोन-दोन बरोबरी झाली. तिथल्या हॉलच्या वेळांमुळे बायकांचा दुहेरी सामना शेवटी ठेवला होता. लोराटो आणि नालेडी आता मागच्या रेषेपर्यंत मारत होत्या. तिसऱ्या गेममध्ये आम्ही पुढे होतो. आणि नालेडी जाळीजवळचं एक फूल उचलायला झेपावली, तिचा पाय आत वळला, आणि ती बसली ती उठलीच नाही.

मी बर्फ घेऊन धावले. शिकवलेलं सगळं क्रमाने केलं. सामना सोडावा लागला. लढत गेली.

मेडनहेडच्या दवाखान्यातल्या नर्सने तपासून सांगितलं, हाड मोडलेलं नाही, विश्रांती द्या. वहिनींनी संध्याकाळी येऊन हळद-तुरटीचा गरम लेप लावला. मी म्हणाले, “वहिनी, कोर्समध्ये हे नाहीये हो.” त्या म्हणाल्या, “तुझ्या कोर्सला काय कळतं? सूज उतरते की नाही बघ.” नालेडी पिवळ्याजर्द घोट्याकडे बघून हसली. तोपर्यंत सगळं ठीक होतं.

ब्रिस्टलला निघायच्या सकाळी ती चालत बाहेर आली. लंगडत, पण चालत. “मी खेळणार,” ती म्हणाली. “बघा, चालतेय.”

म्मा सेगोंनी माझ्याकडे वळून विचारलं, “तू सांग.”

मला वाटलं त्या शर्वरीताईला विचारताहेत. मी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

“मी अजून शिकतेय,” मी म्हणाले. “नर्सने सांगितलंय विश्रांती…”

“नर्सने काल पाहिलं. आज तू बघ.”

मी नालेडीला दुखऱ्या पायावर उभं राहून एक छोटी उडी मारायला सांगितली. ती उभी राहिली. दोन्ही ओठ घट्ट मिटले. उडी काही मारली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी थेट. ‘म्हण की मारली,’ असं त्या नजरेत होतं.

“खेळू नये,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, “तिने खेळू नये. पुन्हा मुरगळला तर मोठी स्पर्धाही जाईल.”

म्मा सेगोंनी मान हलवली आणि बॅगा ठेवायला सांगितलं. नालेडी सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसली आणि ब्रिस्टल येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

ब्रिस्टल

ब्रिस्टलला दरीवरचा झुलता पूल बघितला. दोन उंच कड्यांमध्ये तो पूल असा टांगलेला आहे की खाली बघताना कठडा घट्ट धरावासा वाटतो. थाबोने तो कसा बांधला असेल यावर टुमेलोशी वाद घातला. नालेडी गाडीतच बसून राहिली. मी तिच्यासाठी गरम चॉकलेट नेलं. तिने ते घेतलं, डावा हात उजव्या कोपराला लावून घेतलं, पण खिडकीतून बाहेर बघत.

हॉलच्या दारात ब्रिस्टलचे कप्तान ग्रॅहम भेटले. पांढऱ्या मिशा, गुडघ्याला पट्टा, आणि सगळ्यांना ‘माय लव’ म्हणणारे. मलाही म्हणाले. मी दचकले, तर शर्वरीताईने कोपराने ढोसलं. “इथे सगळ्यांना म्हणतात. बस ड्रायव्हर पण म्हणतो. तू लगेच ब्लश नको करू.”

आमच्याकडे एक बाई कमी आहे हे कळल्यावर ग्रॅहम म्हणाले, “एवढंच ना? आमची एक मुलगी देतो तुम्हाला. आम्ही नेहमीच करतो असं.”

हे खरं आहे. इथल्या क्लबांत माणूस कमी पडला की समोरचाच क्लब आपला माणूस उसना देतो, आणि तो आपल्याच क्लबाविरुद्ध जीव तोडून खेळतो. मला ही रीत नेहमीच आवडत आली आहे. म्मा सेगोंनी आभार मानून नकार दिला.

“बरं, मग ही?” ग्रॅहमनी माझ्या पाठीवरच्या रॅकेटकडे बोट दाखवलं. “ही तर तुमच्याबरोबरच आलीये.”

“ती छान मारते,” लोराटो म्हणाली. थाबोने तर बॅगेतून नालेडीचा निळा शर्ट बाहेरही काढला. आकाशी निळा, छातीवर काळा-पांढरा पट्टा, पाठीवर देशाचं नाव.

मला खेळायचं होतं. हे मी सरळच लिहिते. सकाळपासून नव्हे, त्या शर्टाकडे बघितल्या क्षणापासून, खूप खेळायचं होतं. अण्णांना फोटो पाठवायचा होता. आणि त्याच क्षणी मला नालेडी दिसली. तिला खेळू नको म्हणणारी मी, आणि तिचा शर्ट माझ्यापुढे धरलेला. ती काय विचार करत असेल हे न कळायला मी काही लहान नव्हते.

“नाही,” म्मा सेगो म्हणाल्या. त्यांनी थाबोच्या हातातून शर्ट घेतला आणि घडी घातली.

“ही फ्रेंडली मॅच आहे हो, माय लव,” ग्रॅहम समजावणीच्या सुरात म्हणाले. “कोणी मोजत नाही.”

“तुमच्यासाठी फ्रेंडली आहे,” म्मा सेगो म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. “आम्ही निघालो त्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं होतं. आईवडील, शेजारी, गावचे प्रमुख. एकेकाचं नाव पुकारलं आणि प्रमुखांनी आपल्या हाताने शर्ट दिला. दोन्ही हातांनी घेतला यांनी. ज्यांची नावं पुकारली गेली, तेच हा शर्ट घालतात. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही, म्हणून मी त्यात एक नाव वाढवू शकत नाही. तू आमची नाहीस म्हणून नाही. कळतंय तुला?”

मी मान हलवली. खरं तर तेव्हा अर्धंच कळलं होतं. आमच्याकडे सत्काराला स्टेजवर जो चढेल त्याच्या गळ्यात शाल पडते आणि हातात नारळ येतो. एखादी वस्तू इतकी मोजून देतात आणि ती मिळाली नाही तरी अपमान होत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

मी बाकावर बर्फाच्या पेटीशेजारी जाऊन बसले.

“अपसेट आहेस?” शर्वरीताईने विचारलं.

“नाही.”

“लायर.”

“थोडी.”

“गुड. मी असते तर मी रडला असता.”

आता हिशोब सोपा आणि अवघड होता. बायकांचा दुहेरी सामना न खेळताच गेला. उरलेल्या चारांतले तीन जिंकायचे. नाहीतर दौऱ्यातली तिसरी लढतही गेली.

टुमेलोने पहिला एकेरी जिंकला. एकही फटका वाया न घालवता, फळ्यावर गणित सोडवल्यासारखा. लोराटो एकेरीत हरली. समोरची एमा नावाची मुलगी फार चांगली होती. लोराटोने हात मिळवला, पाणी प्यायलं आणि कोणाकडे न बघता बूट पुन्हा घट्ट बांधले. तिला अजून मिश्र खेळायचा होता. पुरुषांचा दुहेरी तिसऱ्या गेमपर्यंत गेला. थाबो दोनदा जमिनीवर आडवा पडला, दुसऱ्यांदा पडून राहिला आणि तिथूनच त्याने फूल परत पाठवलं. ब्रिस्टलचे खेळाडूही हसले आणि तो गुण आम्हाला मिळाला. सामनाही.

मग बायकांच्या दुहेरीची पाळी आली. ग्रॅहम कागदावर रेघ मारायला पेन काढत होते.

“एक मिनिट,” म्मा सेगो म्हणाल्या.

नालेडी बाकावरून उठली. ट्रॅकसूट काढला. आत तोच निळा शर्ट होता, मघाशी म्मा सेगोंनी घडी घातलेला. तिने तो कधी घातला ते मी पाहिलं नव्हतं. एका हातात रॅकेट, दुसरा हात लोराटोच्या खांद्यावर. घोटा अजून हळदीने पिवळा. दोघी चालत जाळीपर्यंत गेल्या. ब्रिस्टलच्या दोन मुली गोंधळून पलीकडून आल्या. नालेडीने त्यांच्याशी एकेक करून हात मिळवला, डावा हात उजव्या कोपराला लावून.

“आज आम्ही हा सामना तुम्हाला देतो,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी देणार नाही.”

एमा हसली आणि तिने न सांगता तसाच आपला डावा हात आपल्या कोपराला लावला. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बघायला आलेले वीसेक लोक असतील, सगळे उभे राहिले. मी बाकावर होते. तेव्हा उरलेलं अर्धं कळलं. माझ्या अंगावर तो शर्ट असता, तर या जागी नुसता आणखी एक सामना झाला असता. मी कदाचित बराही खेळले असते. पण ही जी चालत गेली, ती कोणाला दिसली नसती.

दोन-दोन. शेवटचा मिश्र. लोराटो आणि थाबो, समोर एमा आणि एक डावखुरा मुलगा.

अशा क्लबच्या सामन्यांना पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेलं फूल आत की बाहेर, हे ज्याने त्याने सांगायचं आणि समोरच्याने मानायचं. आधी मला हे भाबडेपणाचं वाटलं होतं. तिसऱ्या गेमला वीस-एकोणीस झालं, आम्ही एकाने पुढे, जिंकायला एकच गुण हवा, आणि लोराटोने मागच्या कोपऱ्यात उंच फटका मारला. फूल वर गेलं. एमा मागे मागे सरकत गेली, आणि शेवटच्या क्षणी तिने रॅकेट खाली घेतली. सोडून दिलं.

ते पडलं रेषेजवळ. आम्हाला बाकावरून काही दिसत नव्हतं. एमा खाली वाकून बघत होती. तिच्या पाठीमागे तिचा सगळा क्लब बसला होता. ती ‘बाहेर’ म्हणाली असती, तर कोणी काही बोललं नसतं. आम्हीही नाही.

तिने हात वर केला. “आत,” ती म्हणाली. “वेल प्लेड.”

मग म्मा सेगो उभ्या राहिल्या. आठवडाभर ज्यांचा आवाज मी एकाच पट्टीत ऐकला होता, त्या म्मा सेगोंनी मान मागे टाकली आणि जीभ इकडून तिकडे हलवत असा उंच, लांब, थरथरता स्वर काढला की हॉलचे दिवे हलले असं मला वाटलं. लोराटोने कोर्टवरून त्यात आपला स्वर मिसळला. आमच्याकडे आनंद झाला की हलगी लागते, फटाके लागतात. यांना काही लागत नाही.

रिसेप्शनवरची मुलगी धावत आली. “सगळं ठीक आहे ना? कोणाला लागलंय का?”

“नो, नो,” शर्वरीताई डोळे पुसत म्हणाली. “बोट्स्वाना जिंकला.”

नालेडी बाकाजवळ एका पायावर उभी होती. तिने हात पुढे केला आणि माझा खांदा पकडला. तोंड उघडलं आणि तोच स्वर थेट माझ्या कानात काढला. मीही प्रयत्न केला. माझ्या तोंडून शिट्टी आणि खोकला यांच्या मधलं काहीतरी निघालं. ती हसली, तोल गेला, आणि तिने दुखरा पाय उचलून सगळा भार माझ्यावर टाकला. कानात दडे बसले होते. मी पाय घट्ट रोवून तशीच उभी राहिले.